सासनकाठीचा शेंडा का कापला जातो? ऑनलाइन गॅलरीतील थंबनेलविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. वेबसाइटवर किंवा फोनमधील अल्बममध्ये फोटोंची जी छोटी रूपे आधी दिसतात, ज्यांना आपण सगळेच थंबनेल म्हणतो, त्यांचा आकार आणि मांडणी कशी ठरवावी, असा तो विषय आहे. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातील मूळ मुद्दा समजला तर पुढच्या तिन्ही वाचकांचेही निम्मे काम होईल.

प्रश्न : माझा मंगळवार पेठेत फोटो स्टुडिओ आहे. वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर) तयार करून घेतलेल्या माझ्या वेबसाइटवर मी जोतिबाच्या चैत्र यात्रेचे फोटो टाकले आहेत. फोटोवर क्लिक केले की तो पूर्ण दिसतो, परंतु गॅलरीच्या पानावर सगळी थंबनेल चौकोनी येतात आणि सासनकाठीचा शेंडाच नाहीसा होतो. सेटिंगमध्ये जाऊन थंबनेलचा आकार १५० बाय १५० ऐवजी ३०० बाय ४५० केला, तरी काहीच फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. आधी शेंडा का जातो ते पाहू. सासनकाठीचे फोटो आपण कॅमेरा उभा धरून काढले असणार, म्हणजे त्यांचे रुंदी-उंचीचे प्रमाण २:३ आहे. समजा, मूळ फोटो ४००० पिक्सेल (फोटोतील रंगबिंदू) रुंद आणि ६००० पिक्सेल उंच आहे. त्याचा चौरस करायचा झाला तर ४००० बाय ४००० एवढाच भाग उरतो आणि वरचे १००० व खालचे १००० पिक्सेल कापले जातात, कारण यंत्र नेहमी मधला भाग ठेवते. वरच्या सहाव्या हिश्श्यात काठीचा शेंडा असतो आणि खालच्या सहाव्या हिश्श्यात ती काठी पेलणारा माणूस उभा असतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आपण तो फोटो काढला, नेमक्या त्याच जातात आणि मध्ये नुसते रंगीत कापड गुंडाळलेला बांबू उरतो. हेच फोटो फोनवर ९:१६ या प्रमाणात काढले असतील, तर चौरसात जवळजवळ ४४ टक्के भाग गमवावा लागतो.

हे कापणे दोन ठिकाणी होऊ शकते आणि उपाय करण्यापूर्वी आपल्याकडे ते कोठे होते आहे, हे शोधणे आवश्यक आहे. पहिले ठिकाण म्हणजे फोटो अपलोड होताना. वर्डप्रेस मूळ फोटोपासून वेगवेगळ्या आकारांच्या छोट्या फाइली तयार करून सर्व्हरवर ठेवते. त्यांपैकी ‘थंबनेल’ नावाची फाइल मुळात १५० बाय १५० अशी, प्रत्यक्ष कापूनच तयार होते. दुसरे ठिकाण म्हणजे पान उघडताना. येथे फाइल पूर्ण असते, परंतु ब्राउझर तिला ठरावीक चौकटीत बसवताना कडेचा भाग झाकतो. दोन्हींचा परिणाम पडद्यावर सारखाच दिसतो, म्हणून गोंधळ होतो. तपासण्याची रीत सोपी आहे. संगणकावर त्या थंबनेलवर माऊसचे उजवे बटण दाबून ते चित्र नव्या टॅबमध्ये उघडावे. नव्या टॅबमध्येही शेंडा नसेल आणि वर पत्त्याच्या पट्टीत फाइलच्या नावाला १५० बाय १५० असे आकडे जोडलेले दिसत असतील, तर फाइलच कापलेली आहे. तेथे शेंडा दिसत असेल, तर कापणे केवळ दाखवण्यापुरते आहे. आपली वेबसाइट काही वर्षांपूर्वीची असेल आणि गॅलरी जुन्या पद्धतीची असेल, तर ती आपोआप हीच कापलेली फाइल वापरते, त्यामुळे माझा कल पहिल्या कारणाकडे आहे.

आता सेटिंग बदलूनही फरक का पडला नाही, ते पाहू. मीडिया सेटिंग्जमध्ये केलेला बदल त्यानंतर अपलोड होणाऱ्या फोटोंनाच लागू होतो. आधी अपलोड केलेल्या फोटोंच्या छोट्या फाइली तयार होऊन बसलेल्या असतात आणि त्यांना या बदलाची दखलही नसते. त्या नव्याने तयार करून घ्याव्या लागतात. त्यासाठी ‘रीजनरेट थंबनेल्स’ नावाचे प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर, बऱ्याच वर्षांपासून उपलब्ध आहे. ते चालवण्यापूर्वी वेबसाइटचा बॅकअप घ्यावा, मूळ मोठे फोटो सर्व्हरवर आहेत याची खात्री करावी आणि फोटो शेकड्यांनी असतील तर हे काम रात्री लावावे, कारण त्या वेळात सर्व्हरवर बराच ताण येतो. काम झाल्यावर ब्राउझरचा कॅशे (पाने लवकर उघडावीत म्हणून साठवलेल्या जुन्या प्रती) आणि कॅशेचे प्लगिन असेल तर तेही रिकामे करावे. जुनेच थंबनेल दिसत राहिल्यामुळे ‘काहीच झाले नाही’ असे समजून पुन्हा पुन्हा आकडे बदलत बसणारे वाचक मला नेहमी पत्रे पाठवतात.

मात्र ३०० बाय ४५० हा आकार ठेवून फाइली नव्याने तयार करू नयेत, असे मी आपणास आग्रहाने सांगेन. त्या आकड्यांखाली थंबनेल नेमक्या मापात कापण्याचा एक पर्याय आहे आणि तो मुळातच चालू असतो. तो तसाच राहिला तर सासनकाठ्या सुखरूप राहतील, परंतु यमाईच्या भेटीला निघालेल्या पालखीचे आपले आडवे फोटो उभ्या चौकटीत कापले जातील. ३:२ प्रमाणाच्या आडव्या फोटोचा २:३ प्रमाणाचा उभा तुकडा काढला, तर फोटोचा नऊपैकी केवळ चार हिस्से भाग उरतो. पालखी राहील, पण तिच्यावर गुलाल-खोबरे उधळणारी गर्दी जाईल.

म्हणून थंबनेल या आकाराला हात न लावता गॅलरीसाठी ‘मीडियम’ हा आकार वापरावा, कारण मीडियमची फाइल कापली जात नाही. ती दिलेल्या मर्यादेत बसेल इतकी लहान केली जाते. तिची मूळ मर्यादा ३०० बाय ३०० असते आणि तीत उभा फोटो २०० बाय ३०० एवढाच होतो. साधारण १२०० पिक्सेल रुंदीच्या पानावर १६ पिक्सेलच्या फटी सोडून चार कॉलम केले, तर प्रत्येक कॉलम २८८ पिक्सेलचा येतो. तेथे २०० पिक्सेलचा फोटो ताणला जाऊन धूसर दिसू शकतो. तेव्हा मीडियमची मर्यादा ६०० बाय ९०० करावी, म्हणजे उभे फोटो ६०० बाय ९०० आणि आडवे ६०० बाय ४०० असे येतील. त्यानंतर फाइली नव्याने तयार कराव्यात.

फोनसाठीही हाच आकार सोयीचा आहे. गॅलरी ब्लॉकमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या नव्या पद्धतीच्या गॅलरीत, आपण कितीही कॉलम ठरवले, तरी अरुंद पडद्यावर दोनच कॉलम दिसतात. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर कडेच्या मोकळ्या जागा वजा जाता प्रत्येक फोटोला १६० पिक्सेल मिळतात, परंतु आजच्या बहुतेक फोनच्या पडद्यात एका पिक्सेलच्या जागी आडवे दोन किंवा तीन बारीक ठिपके असतात, त्यामुळे फोटो स्पष्ट दिसण्यासाठी ४८० पिक्सेलपर्यंत रुंदीची फाइल लागते. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. २०१५ सालच्या ४.४ या आवृत्तीपासून वर्डप्रेस ब्राउझरला एकाच फोटोच्या लहान-मोठ्या फाइलींची यादी देते आणि ब्राउझर पडद्याला साजेशी फाइल निवडतो. पण या यादीत एकाच प्रमाणाच्या फाइलींना जागा मिळते. चौरस कापलेल्या थंबनेलला बरोबरीचे दुसरे माप नसल्यामुळे ते यादीत एकटे पडते आणि म्हणूनच ते चांगल्या फोनवर अधिक अंधूक दिसते.

राहिला प्रश्न मांडणीचा. न कापता फोटो दाखवण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत सर्व फोटोंची उंची सारखी ठेवून ओळी भरल्या जातात, तिला जस्टिफाइड म्हणतात. दुसरीत सर्वांची रुंदी सारखी ठेवून फोटो एकाखाली एक रचले जातात, ती मेसनरी होय. निवड करताना कोणत्या फोटोला मान द्यायचा आहे, ते पाहावे. जस्टिफाइड मांडणीत ओळीची उंची २२० पिक्सेल असेल, तर आडव्या फोटोला ३३० पिक्सेल रुंदी मिळते आणि उभ्याला केवळ १४७. म्हणजे आपली सासनकाठी पालखीच्या फोटोच्या निम्म्याहून कमी जागेत बसते. मेसनरीत याच्या उलट होते आणि उभा फोटो आडव्याच्या सव्वादोन पट जागा घेतो. सासनकाठीसाठी मेसनरी चांगली, हे उघड आहे. परंतु अनेक मेसनरी गॅलरींत फोटोंचा क्रम डावीकडून उजवीकडे न जाता वरून खाली जातो. सकाळी काठ्या येण्यापासून संध्याकाळी पालखी निघेपर्यंतचा क्रम जपायचा असेल, तर तो पाहणाऱ्याच्या दृष्टीने विस्कटतो.

आपल्या जागी मी असतो तर दोन्ही टाळून एकाच पानावर दोन गॅलरी केल्या असत्या. पहिलीत केवळ सासनकाठ्यांचे उभे फोटो, चार कॉलममध्ये, आणि तिच्याखाली दुसरीत पालखी, गर्दी, मंदिराची शिखरे असे आडवे फोटो, तीन कॉलममध्ये. गॅलरी ब्लॉकच्या उजवीकडील पट्टीत कॉलमची संख्या, फोटो चौकटीत कापून बसवण्याचा पर्याय आणि वापरायचा आकार अशा तिन्ही गोष्टी असतात. तेथे कापण्याचा पर्याय बंद करावा आणि आकार मीडियम निवडावा. प्रत्येक गॅलरीत सर्व फोटो एकाच प्रमाणाचे असल्यामुळे ओळी आपोआप सरळ येतात, एकाही फोटोचा भाग जात नाही आणि वेगळे प्लगिनही लागत नाही. फोटोंची संख्या मात्र कॉलमच्या पटीत ठेवावी, कारण शेवटच्या ओळीत एखाद-दुसरा फोटो उरला तर गॅलरी ब्लॉक साधारणपणे त्याला ओळीच्या रुंदीभर पसरवतो आणि एखादा किरकोळ फोटो सगळ्यांत मोठा होऊन बसतो.

प्रश्न : आमचे कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये पिढीजात दुकान आहे. मुलाने वूकॉमर्सवर (वर्डप्रेसला जोडायच्या दुकानाच्या प्लगिनवर) ऑनलाइन दुकान सुरू करून दिले आहे. त्यात काही चपला मोठ्या, काही लहान, काहींचे गोंडे कापलेले असे दिसते. सर्व फोटो न कापता दाखवावेत, की चौकोनीच ठेवावेत?

उत्तर : दुकानासाठी चौरसच ठेवावा. वरील वाचकांना मी न कापण्याचा सल्ला दिला, कारण यात्रेतील प्रत्येक फोटो स्वतंत्र असतो. आपल्याकडे गिऱ्हाईक दहा जोड शेजारी-शेजारी ठेवून त्यांची तुलना करत असते आणि चौकटी लहान-मोठ्या झाल्या तर तुलना बिघडते. वूकॉमर्समध्ये थीमच्या (वेबसाइटच्या तयार रूपाच्या) कस्टमाइझ विभागात ‘प्रॉडक्ट इमेजेस’ या ठिकाणी १:१, आपण ठरवाल ते प्रमाण आणि न कापलेले असे तीन पर्याय मिळतात. काही नव्या थीममध्ये ही सोय दुसरीकडे असते. २०१८ सालच्या ३.३ या आवृत्तीपासून येथे आकार बदलल्यावर जुन्या फोटोंच्या छोट्या फाइली वूकॉमर्स स्वतःच मागच्या मागे नव्याने तयार करते, तेव्हा बदल केल्यावर थोडा वेळ थांबावे.

खरी दुरुस्ती मात्र फोटो काढतानाच करायची आहे. गोंडा कापला जातो याचे कारण फोटोत जोड कडेपर्यंत भरलेला असतो. फोन स्टँडला लावून त्याची उंची एकदा ठरवावी आणि ती पुन्हा हलवू नये. खाली पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक चौरस आखावा, जोड त्याच्या आत ठेवावा आणि चारही बाजूंना चार बोटे जागा मोकळी सोडावी. फोनच्या कॅमेऱ्यात चौरस फोटोची सोय असेल तर तीच वापरावी, म्हणजे पुढे यंत्राला कापायला काही उरणारच नाही. उंची ठरलेली असल्यामुळे सात नंबरची चप्पल आणि दहा नंबरची चप्पल थंबनेलमध्येही लहान-मोठी दिसेल, आणि ते तसे दिसणे योग्यच आहे.

एक गोष्ट आवर्जून सुचवतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि बाहेरगावचे गिऱ्हाईक हाताचे काम पाहूनच जास्त पैसे मोजते. वेणीची वीण, कान आणि तळाची शिलाई हे सगळे ३०० पिक्सेलच्या चौकटीत दिसत नाही. म्हणून पहिले थंबनेल पूर्ण जोडाचे ठेवावे आणि त्या चपलेच्या पानावर वेणीचा अगदी जवळून घेतलेला एक फोटो द्यावा. बाजारातील यंत्रावर केलेल्या मालाहून आपला माल वेगळा आहे, हे त्या एका फोटोत कळते.

प्रश्न : मी गडहिंग्लजची निवृत्त शिक्षिका आहे. नातीच्या लग्नाचे फोटो गूगल फोटोजमध्ये आहेत. फोनवर ते इतके बारीक आणि चौकोनी दिसतात की माणसे ओळखू येत नाहीत. फोटो खराब झाले असतील का?

उत्तर : बाई, फोटो मुळीच खराब झालेले नाहीत. यादीत दिसते ते केवळ छोटे रूप आहे, मूळ फोटो पूर्ण आणि सुरक्षित आहे. फोटोंच्या यादीवर दोन बोटे ठेवून ती एकमेकींपासून दूर नेली की फोटो मोठे होतात आणि जवळ आणली की पुन्हा लहान होतात. हाच संग्रह संगणकावर उघडला तर फोटो आपापल्या प्रमाणात, ओळींनी मांडलेले दिसतात. तेथे मांडणी बदलण्याचे वेगळे सेटिंग शोधण्याची गरज नाही. लग्नाचा स्वतंत्र अल्बम केला तर त्यात मजकूर घालून हळद, सीमांतपूजन, अक्षता असे भाग पाडता येतात आणि नातेवाइकांना पाहणे सोपे जाते.

प्रश्न : आमच्या तालमीने जुन्या मल्लांचे आणि खासबाग मैदानातील कुस्त्यांचे फोटो स्कॅन करून वेबसाइटवर ठेवले आहेत. सुमारे तीनशे फोटो एकाच पानावर असून पान उघडायला फार वेळ लागतो. शिवाय फोटोखाली आम्ही लिहिलेल्या ओळी फोटोवरच येतात. थंबनेल आणखी लहान केली तर उपयोग होईल का?

उत्तर : हा संग्रह आपण ऑनलाइन आणला, याचे मला फार मोल वाटते. असे फोटो तालमीच्या भिंतीवर दमट हवेत पिवळे पडत असतात आणि त्यांतील माणसांना नावानिशी ओळखणारी पिढीही आता थकली आहे. म्हणून उत्तर देताना वेगापेक्षा नावांची काळजी मला अधिक आहे, पण आधी वेगाचे सांगतो.

थंबनेल दिसायला लहान केल्याने काहीही साध्य होणार नाही. आपल्या पानावर बहुधा स्कॅन केलेल्या पूर्ण फाइलीच लावलेल्या आहेत आणि ब्राउझर त्या आणून मग लहान करून दाखवतो. अशी एक फाइल ४ एमबीची असेल, तर ३०० फोटोंचे १२०० एमबी होतात. वरच्या रीतीने एखादे चित्र नव्या टॅबमध्ये उघडून पाहावे. ते पडदाभर मोठे उघडले, तर हेच कारण आहे. गॅलरीच्या सेटिंगमध्ये ‘फुल साइज’च्या जागी ‘मीडियम’ निवडावे. वर्डप्रेस २०२० सालच्या ५.५ या आवृत्तीपासून पडद्यावर अजून न आलेली चित्रे नंतर मागवते, म्हणून आवृत्ती जुनी असल्यास ती अद्ययावत करून घ्यावी. त्याचबरोबर तीनशे फोटो एका पानावर ठेवू नयेत. दशकांप्रमाणे किंवा वस्तादांच्या कारकिर्दीप्रमाणे पाने पाडावीत आणि प्रत्येक पानावर २४ फोटो ठेवावेत. २४ ला दोन, तीन आणि चार या तिन्ही संख्यांनी भाग जातो, त्यामुळे फोन असो वा संगणक, शेवटची ओळ पूर्ण भरते.

आता नावांचे. जुन्या स्टुडिओतील फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असत आणि त्या पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला मल्लाचे नाव, वस्तादाचे नाव किंवा साल हाताने लिहिलेले असे. थंबनेल चौरस कापले की पहिल्यांदा जाते ती हीच कड. त्यामुळे या संग्रहात कापण्याचा पर्याय कोठेही चालू ठेवू नये, चौकटी एकसारख्या दिसल्या नाहीत तरी चालेल. गॅलरी ब्लॉकमध्ये फोटोची ओळ फोटोच्याच खालच्या भागावर चढवली जाते, म्हणजे आपण घातलेली ओळ नेमकी त्या हस्ताक्षरावर येऊन बसते. ही त्या ब्लॉकची ठरलेली पद्धत आहे. ज्या फोटोंवर मूळ लिखाण आहे, ते गॅलरीतून काढून कॉलम ब्लॉकमध्ये एकेकटे चित्र म्हणून ठेवावेत. एकट्या चित्राची ओळ त्याच्या खाली, मोकळ्या जागेत येते.

लाल मातीत ओळीने बसलेल्या वीस-पंचवीस मल्लांचे जे समूहफोटो आहेत, त्यांना कॉलममध्ये घालूच नये. २८८ पिक्सेल रुंदीत पंचवीस माणसे बसवली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम ११ पिक्सेल येतात आणि चेहरा ओळखणे अशक्य होते. असा प्रत्येक फोटो पानाच्या पूर्ण रुंदीत, स्वतंत्र ठेवावा, त्याच्यासाठी ‘लार्ज’ हा आकार निवडावा आणि खाली डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार नावे लिहावीत. ज्यांची नावे ठाऊक नाहीत, त्यांच्या जागी ‘नाव मिळालेले नाही’ असे लिहून क्रम पुढे चालू ठेवावा, म्हणजे एखाद्या नातवाने पान पाहून नाव कळवले तर ते नेमक्या जागी भरता येईल. स्कॅन केलेल्या मूळ मोठ्या फाइली वेबसाइटवर अवलंबून न राहता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात आणि त्यांतील एक तालमीबाहेर, एखाद्या जबाबदार सभासदाच्या घरी असावी.